चौथ्या कागदाचं भांडण

गुरुवार, जानेवारीचा तिसरा आठवडा. सकाळी साडेदहा. मस्कत विमानतळ, मालवाहतुकीचं गेट.

हजर: मी. इक्बालभाई, पेट्या नेणाऱ्या त्यांच्या व्हॅनसह. तुमच्या वकिलातीतल्या एक बाई; त्यांना तू फारशी आवडत नव्हतीस, पण त्या आल्या आणि शेवटपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. काउंटरवरचा सईद, ड्युटीवर होता म्हणून. पेटी आत जाताना तो खुर्चीतून उठला, म्हणून त्याचंही नाव लिहिलं.

गैरहजर: तुझा भाऊ. तो तिकडे ॲमस्टरडॅमला पेटी उतरवून घेणार आहे.

मार्लीस, अशी हजेरी मी प्रत्येक पेटीच्या वेळी लिहिते, हे तुला नव्याने सांगायला नको. गेली अकरा वर्षं इथे आमच्याकडची माणसं गेली, कोकणातली, घाटावरची, की त्यांना घरी पोचवायचं काम मी नोकरी सांभाळून करते. घरचे रडून झाले की पहिला प्रश्न एकच विचारतात: शेवटी जवळ कोण होतं? तेव्हा आठवत बसायला नको, म्हणून मी जागेवरच लिहून घेते. पहिल्यांदा बघितलंस तेव्हा तू हसली होतीस. "तू मरणाचीसुद्धा मिनिट्स लिहितेस," म्हणालीस. तुझ्या भावाने अजून तो प्रश्न विचारलेला नाही. विचारला तर उत्तर तयार आहे.

तू कोण होतीस, काय काय केलंस, हे तुमच्या वर्तमानपत्रांनी छापलं असेल. मला ती भाषा येत नाही. मला माहीत असलेली तू सहा वर्षांपूर्वी कुरुममधल्या माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आलीस, तेव्हापासूनची. तेव्हा तू फक्त बातमीदार होतीस. दक्षिणेकडच्या एका बंदरात तुमच्याकडची कंपनी समुद्रात भराव घालत होती, त्याबद्दल लिहायला आली होतीस. कुणीतरी माझा नंबर दिला होता. मी तुला पंधरा मिनिटं दिली आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

तू माझी यादी मागितलीस. माणूस गेल्यापासून विमानात चढेपर्यंत लागणारे अकरा कागद. मृत्यूचा दाखला, पोलिसांचं पत्र, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, असे सगळे, क्रमाने. मला वाटलं तू कौतुक करशील. सगळे करतात. तुझं बोट चौथ्यावर थांबलं.

"हा काय आहे?"

"घरच्यांचं पत्र. मृत्यूबद्दल आमचा संशय नाही, शवविच्छेदन नको, लवकर पाठवा."

"हा कोण मागतं?"

"कोणी नाही. मीच घातलाय. त्याने काम लवकर होतं. तीन आठवड्यांचं चार दिवसांत."

"कंपनी मागत नाही?"

"नाही."

तू पेन खाली ठेवलंस. "म्हणजे त्यांना मागायचे कष्टसुद्धा पडत नाहीत."

पंधरा मिनिटं संपली होती. मी तुला जा म्हणाले नाही. त्या पत्राचा मजकूर मी स्वतः लिहिला होता, मराठीत आणि इंग्रजीत, दोन-दोन ओळी. मला त्याचा अभिमान होता, हे तुला कधी बोलले नाही.

तू विचारलंस, त्या भरावावर गेलेलं कोणी आहे का तुझ्या यादीत? होता. सचिन, गुहागर तालुक्यातला, वय चौतीस. थेट कंपनीत नाही, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे. जूनच्या अखेरीस दुपारी कामावर पडला. दाखल्यावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. तू किती चिडली होतीस त्या ओळीवर! "हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. मेला म्हणजे मेला, एवढंच लिहिलंय यात."

त्याच्या बायकोला, वैशालीला, फोन मीच केला होता. ती म्हणाली, "ताई, पण सकाळी बोलले हो माझ्याशी. त्यांना काय झालं?" मी म्हणाले, दाखल्यावर असं असं लिहिलंय. मग म्हणाले, "मी एक कागद पाठवते, सही करून फोटो पाठवा, म्हणजे रविवारपर्यंत घरी आणता येईल." तिला चाळीस मिनिटं लागली. प्रिंट काढायला बाजारात जावं लागलं. सचिन रविवारी घरी पोचला. मी अकरा खुणा केल्या आणि फाइल बंद केली.

तू ती फाइल पुन्हा उघडलीस. गुहागरला गेलीस, वैशालीच्या ओटीवर बसून मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत बोललीस, तिने दिलेली सोलकढी सूप समजून गरम करून मागितलीस आणि फुटलेली सोलकढी निमूटपणे प्यायलीस. हे मला वैशालीनेच हसत हसत सांगितलं. पुढचं सांगताना ती हसत नव्हती. तिने तुला सांगितलं होतं, मला कोणाला तुरुंगात घालायचं नाही, मोठं काही नको. पडल्यावर ते किती वेळ पडून होते? कोणी जवळ होतं का? पाणी मिळालं का? एवढंच मला कळू दे.

तू तिला शब्द देऊन आलीस. बातमीदाराने असा शब्द द्यायचा नसतो, हे तूच मला नंतर म्हणालीस. तिथेच तुझी बातमीदारी संपली असं मला वाटतं. राजीनामा तू पुढे सात-आठ महिन्यांनी दिलास, ते नुसतं कागदोपत्री.

तुझ्या वर्तमानपत्रात सचिनवर दोन पानं आली. कंपनीने उत्तर एका ओळीत दिलं: कुटुंबाची काही तक्रार नाही, सोबत पत्र जोडलं आहे. माझं पत्र. माझ्या दोन ओळी, वैशालीची सही. शवविच्छेदन झालंच नव्हतं, त्यामुळे पुढे विचारायला काही उरलंच नव्हतं. तुझ्या संपादकाने विषय संपला म्हटलं. तू नाही म्हटलंस.

त्यानंतर आपण कुरुमच्या किनाऱ्यावर गाडीत बसून जे भांडलो, ते अजून संपलेलं नाही. पुढच्या सीटवर इक्बालभाई कडक चहाचे कप धरून बसले होते आणि आपण दोघी मागे.

मी म्हणाले, "तुला माहीत नाही तिकडे काय होतं. माणूस घरी येईपर्यंत चूल पेटत नाही. शेजारी डबे आणतात. दहावं कधी धरायचं कळत नाही. म्हातारी आई दारात बसून राहते. तीन आठवडे असं ठेवू मी त्यांना?"

"तिला दोन्ही सांग. निवडू दे."

"त्या वेळी बाईला निवड द्यायची नसते, आधार द्यायचा असतो."

"तू आधार दिलास आणि सही घेतलीस."

इक्बालभाई मागे वळले. "बाय, चहा थंड होतोय. ताई, तुम्हीपण. मेल्या माणसाचं भांडण जित्या माणसांनी उपाशी करू नये."

तू हसलीस. मी नाही हसले. चार महिने मी तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. त्या चार महिन्यांत यादीत चौथा कागद तसाच होता. नंतरही राहिला. एवढंच केलं, की कागद पाठवण्याआधी मी घरच्यांना विचारू लागले, चौकशी करायची आहे का? पण कसं विचारते, तेही तू ऐकलं होतंस एकदा. "तू 'वेळ लागेल' हे दोनदा म्हणतेस," म्हणालीस, "आणि 'हक्क आहे' हे एकदाही नाही." तू मोजलं होतंस. मोजणाऱ्या माणसाला कोणी मोजलेलं आवडत नाही.

तिकडे तू कायदा मागत फिरत होतीस. कंपनी तुमची असेल, तर परदेशात ठेकेदाराच्या ठेकेदाराकडचा माणूस मेला तरी जबाबदारी तुमची. एवढी साधी गोष्ट. तू फोटो पाठवायचीस: बाजाराच्या चौकात एक घडीचं टेबल, थर्मास, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगडाखाली ठेवलेली पत्रकं आणि तुझ्यासकट तीन माणसं. पुढच्या फोटोत पाऊस आणि दोन माणसं. मग एका छोट्या पक्षाने तुला निवडणुकीला उभं केलं. त्यांच्या उमेदवारांच्या यादीत एकोणिसावी. मी फोनवर म्हणाले, "यादीतलं मला कळतं गं. एकोणिसावं नाव म्हणजे पान भरायला." तू म्हणालीस, "माहीत आहे. पण पान तरी भरलं." इक्बालभाईंचं म्हणणं असं, की बायने त्यांच्या दापोलीतून उभं राहायला हवं होतं, मच्छी मार्केटमध्येच निवडून आली असती. तू निवडून आली नाहीस. तुमचं कोणीच आलं नाही.

तरी कायद्याचा मसुदा कुठल्याशा दुसऱ्या पक्षाच्या मदतीने तुमच्या संसदेच्या समितीपुढे गेला आणि तुला साक्षीला बोलावलं. तू सचिनचं प्रकरण मांडलंस. एका सदस्याने ते पत्र वर धरलं. शवविच्छेदन मागता येतं हे कुटुंबाला कळलं नव्हतं असं तुम्ही म्हणता, मग हे पत्र लिहिलं कोणी? त्यांच्याकडून घेतलं कोणी?

तू म्हणालीस, ते मी सांगणार नाही.

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तो सदस्य म्हणाला, ज्या बाई साऱ्या जगाकडे उत्तरं मागतात, त्या स्वतः उत्तर देत नाहीत. लोक हसले. मसुदा मागे पडला आणि मागेच राहिला. हे तू मला फोनवर सांगितलंस, अगदी कोरड्या आवाजात, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू माझी माहिती देणारी आहेस. बातमीदार नाव देत नाही."

"तू बातमीदार राहिलेली नाहीस, मार्लीस. तू प्रचाराला उभी राहिलीस. दोन्ही कसं चालेल?"

"नाव घेतलं असतं तर सगळं तुझ्यावर गेलं असतं. कंपनी सुटली असती आणि तू अडकली असतीस. तुझी नोकरी, तुझा व्हिसा. आणि तू गेलीस तर त्या माणसांना घरी कोण पाठवणार?"

यावर मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण तू असताना बोलले नाही. मी तुला तेव्हाच म्हणू शकले असते, की थांब, मीच लिहिते तुमच्या समितीला. दोन ओळी पुरल्या असत्या: हे पत्र मी तयार केलं, घाईत केलं, कुटुंबाला दुसरा मार्ग असतो हे सांगितलं नाही. दोन ओळींची पत्रं मला चांगली जमतात. कागद तयार होता, हात मोकळा होता. नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले आणि संध्याकाळी एका सातारच्या माणसाचा पासपोर्ट रद्द करून आणला. तू तुझं नाव, तुझी सगळी वर्षं माझ्या नावावर झाकण म्हणून ठेवलीस, आणि मी ते झाकण ठेवू दिलं. याला मैत्री म्हणायचं का, ते मला ठरवता येत नाही. उपकार म्हणते. त्यापुढे शब्द नाही.

या हिवाळ्यात तू शेवटचा प्रयत्न म्हणून आलीस. कायदा गेला होता, पक्ष फुटला होता. वैशालीला दिलेला शब्द तेवढा उरला होता. अझैबामध्ये एक खोली भाड्याने घेतलीस आणि सचिनच्या शेजारी त्या दिवशी काम करत असलेल्या माणसाचा शोध सुरू केलास. प्रकाश, पेणकडचा. त्याने भरावाचं काम कधीच सोडलं होतं. अल अमेरातमध्ये एसी दुरुस्तीच्या दुकानात होता. तू तिथे तीनदा गेलीस. पहिल्यांदा तो पाठ फिरवून आत गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, मॅडम, माझ्या पोटावर पाय नका देऊ. तिसऱ्यांदा तू काही विचारलंच नाहीस, नुसती दुकानाच्या पायरीवर बसून राहिलीस. तेव्हा तो म्हणाला, शुक्रवारी या, सुट्टी असते, सांगतो.

शुक्रवार आला तेव्हा तू विमानाने कधीच पोचली होतीस.

सोमवारी दुपारी तू इक्बालभाईंना फोन केलास, छातीत दुखतंय म्हणून. मला का नाही केलास? कदाचित मी ऑफिसात असते म्हणून. कदाचित मी लगेच यादी काढेन म्हणून. इक्बालभाई पोचले, तुला व्हॅनमध्ये घातलं आणि हॉस्पिटलच्या दारात तू गेलीस. मी त्यांना विचारलं, काही बोलली का? "नाय ताई. मीच बोलत होतो. बाय, आलंच आता, बाय, आलंच आता. तिने फक्त माझी बाही धरली होती." त्यांनी तो शर्ट अजून धुतलेला नाही, हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

दाखल्यावर काय लिहिलंय, तुला ठाऊकच आहे. तीच ओळ.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते. एकदा किनाऱ्यावर तू मला म्हणाली होतीस, मी इथे मेले आणि माझ्यासाठी तो चौथा कागद भरलास तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही. मी म्हणाले होते, मेल्यावर नाहीतरी बोलणार नाहीस. आपण दोघी हसलो होतो. सोमवारी संध्याकाळी मी तुझ्या भावाला घरच्यांच्या सहीचे कागद पाठवले. एका झटक्यात, सगळेच्या सगळे, नेहमीसारखे. सवयीने हात गेला. तुझ्या भावाने दहा मिनिटांत सगळ्यांवर सह्या करून परत पाठवले, आभार मानले, इतकी नीट व्यवस्था आपण कुठे पाहिली नाही म्हणाला. फाइलला लावताना मला चौथा दिसला. मृत्यूबद्दल आमचा संशय नाही.

तो मी काढू शकले असते. अजून दिला नव्हता. पण विमान ठरलं होतं, गुरुवारचं. आणि खरं सांगू, मला तू लवकर घरी जायला हवी होतीस. तुझा भाऊ दारात बसून आहे असं मला दिसत होतं. तुमच्याकडे कोणी दारात बसत नाही, तरी दिसत होतं. वैशालीच्या वेळी मला असंच वाटलं होतं. तू जिंकलीस असं नाही, मी जिंकले असंही नाही. मी बदलले नाही, एवढंच सिद्ध झालं.

काल शुक्रवार होता. मी अल अमेरातला गेले. म्हटलं, तुझं हे एक काम तरी पुरं करावं. प्रकाश दुकानाबाहेर उभा होता, धुतलेला शर्ट घालून. तुझी वाट बघत होता. त्याला काही माहीत नव्हतं. सांगितलं तर खाली बसला. मग मी वही काढली आणि म्हणाले, मी त्यांची मैत्रीण, मला सांगा, मी सचिनच्या बायकोपर्यंत पोचवते.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही नीलाताई ना?"

"हो."

"सचिन गेला तेव्हा तुमचा मेसेज आमच्या फोरमनच्या फोनवर आला होता. सगळं क्लियर आहे, फॅमिलीने लिहून दिलंय म्हणून. त्याने आम्हाला वाचून दाखवला. खलास, म्हणाला, आता कोणी काही बोलायचं नाही, फॅमिलीचीच तक्रार नाही." तो उठला. "त्या मॅडमना सांगणार होतो. त्या तीनदा आल्या. तुम्हाला नाही सांगणार, ताई. राग मानू नका."

मी राग मानला नाही. मी म्हणाले, एवढंच सांगा, पाणी मिळालं होतं का? त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि आत गेला. आज सकाळी इक्बालभाईंना परत पाठवलं. दुकानवाला म्हणाला, तो राजीनामा देऊन गेला, तिकीट काढतोय, कुठलं ते सांगितलं नाही. फोन बंद आहे.

म्हणजे आता कोणी नाही. तू नाहीस, तो नाही, कायदा नाही, शवविच्छेदन नाही. भरावावर आता डांबर आहे आणि त्यावर कंटेनर उभे आहेत. मला आशावादी शेवट करता येत नाही, आणि तुला तो आवडलाही नसता.

तुझ्या खोलीतलं सामान बांधून झालं. घरमालकाला किल्ली दिली. चष्मा आणि वह्या भावाकडे पाठवायच्या बॉक्समध्ये आहेत. वकिलातीतल्या बाईंना दाखल्याची प्रत दिली. इक्बालभाईंना दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाले, ऐकलं नाही.

वैशालीचा मेसेज परवा आला होता. तिला मी अजून काही कळवलेलं नाही. "ताई, मार्लीसमॅडम त्या माणसाला भेटणार होत्या ना? काही कळलं का? मुलगीपण विचारते आता." खाली, मेमध्ये कोकम पाठवू का, किती पाठवू. ती दरवर्षी पाठवते. माझे उपकार आहेत म्हणते, चार दिवसांत माणूस घरी आणला म्हणून. मी मेसेज वाचलाय, हे तिला दिसलं असणार.

तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, तू गेलीस. दुसरी, तो कागद कोणी लिहिला, आणि त्याच्यामुळे काय काय बंद झालं. पहिली सांगून फोन ठेवता येईल. तसं करायचं नाही, असं मी लिहून ठेवलंय. तीनदा नंबर काढला. एकदा वाजलाही, मी कापला. तिचा उलट फोन आला, मी घेतला नाही.

बाकी: वैशालीला फोन.